एक ओळ आख्खी गेली

निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "ताई, तुम्ही रक्तपेढीत होता म्हणजे नर्स होता का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग डॉक्टर?" त्यालाही नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो "बरं बरं" म्हणत भाजीच्या गाडीकडे वळतो. मी आयुष्यात कुणाला सुई टोचलेली नाही. रक्त पाहिलं की मला अजूनही घेरी येते. अकोल्याच्या एका रक्तपेढीत मी बावीस वर्षं संगणकासमोर बसले आणि रकाने कापले. एवढंच माझं कर्तृत्व.

रकाने कापणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ते कळलं नाही तर माझी फजितीही कळणार नाही. रक्तदान शिबिर झालं की प्रत्येक दात्याची एक ओळ आमच्या फाईलमध्ये पडायची. साधी फाईल, नुसती अक्षरं. चौकटी नाहीत, रंग नाहीत. ओळीत आधी क्रमांक, मग नाव, वय, गाव, फोन, रक्तगट आणि शेवटी प्रयोगशाळेचा शेरा. दोन गोष्टींच्या मध्ये एक उभी रेघ. त्या रेघांमुळे एका ओळीचे सात रकाने व्हायचे. आता आभाराच्या फलकावर फक्त नाव आणि गाव लावायचं असतं. कुणाचं वय, फोन, शेरा हे चारचौघांत मांडायचं नसतं. शंभर ओळींतून हे दोन रकाने हातानं उतरवायला आख्खी दुपार जाते. त्यासाठी आमच्या संगणकात 'कट' नावाची एक आज्ञा होती. काळ्या पडद्यावर लिहायचं, कट. मग सांगायचं, रेघेवर तोड. मग सांगायचं, दुसरा आणि चौथा रकाना दे. आणि फाईलचं नाव. एंटर दाबलं की पापणी लवायच्या आत यादी हजर.

आमचे संगणक जुने, त्यामुळे त्यांवर एका भल्या इंजिनिअरनं फुकटात मिळणारी प्रणाली टाकून दिली होती. जाताना त्यानं एका कागदावर ठळक अक्षरात चार आज्ञा लिहून तो कागद माझ्या पडद्याशेजारी चिकटवला. त्यातल्या तीन मी कधी वापरल्या नाहीत. 'कट'वर मात्र मी बावीस वर्षं राज्य केलं.

माझे वडील भातकुलीला भिक्षुकी करायचे. त्यांना मी हे काम समजावून सांगायला बसले तर ते दोन मिनिटांत म्हणाले, "म्हणजे पंचांगात पाच अंगं असतात, पण यजमानाला फक्त तिथी आणि नक्षत्र सांगायचं. बाकीचं विचारल्याशिवाय बोलायचं नाही." इतकं नेमकं मला त्या इंजिनिअरनंही सांगितलं नव्हतं. वडिलांनी ते आयुष्यभर पाळलं. मी पाळलं असं म्हणवत नाही.

सुरुवातीला मला या विद्येचा फार गर्व होता. बाकीच्या कचेऱ्यांत लोक माऊस धरून चौकटी रंगवत बसायचे आणि मी एका ओळीत काम उरकायची. कुणी पाहुणा आला की मी मुद्दाम काळा पडदा उघडायची. एकदा आमचे रक्तसंक्रमण अधिकारी डॉ. तायडे म्हणाले, "पाठक मॅडम, मला रक्तगट आधी आणि नाव नंतर अशी यादी द्या." मी ऐटीत सहावा आणि दुसरा असे आकडे दिले. यादी आली ती नाव आधी, रक्तगट नंतर. पुन्हा दिले, पुन्हा तेच. डॉक्टर मागे उभे. मी म्हटलं, "सर, असंच जास्त चांगलं दिसतं." पुढं बऱ्याच महिन्यांनी मला समजलं की तुम्ही रकाने कुठल्याही क्रमानं मागा, 'कट' ते फाईलच्याच क्रमानं देतो. आमच्या घरी किराणा आणायला जाणारे गृहस्थही तसेच असल्यामुळे मला त्यात नवल वाटायला नको होतं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे, आणि ती मूर्तिजापूरला सुरू झाली.

तिथल्या शिबिराला आठवले सर आले. निवृत्त संस्कृत शिक्षक, दरवर्षी न चुकता रक्त देणारे. मी त्यांचं नाव टंकत होते आणि ते माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"हे काय मध्येच?"

"रेघ आहे, सर."

"रेघ नाही, दंड आहे तो. दंड श्लोकाच्या शेवटी येतो. माणसाच्या नावापुढे दंड? माणूस संपला का?"

"सर, संगणकाला लागतो तो."

"संगणकाला लागत असेल. मराठीला लागत नाही. सरका."

मी सरकले. संस्कृत बोलणाऱ्या माणसापुढे सरकायचं, हे माझ्यावर लहानपणापासूनचे संस्कार. सरांनी एका बोटानं आपली आख्खी ओळ टंकली, सगळीकडे स्वल्पविराम घालून. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आणि उभी रेघ एकही नाही.

आता इथं 'कट'चा एक स्वभाव सांगायला हवा. ज्या ओळीत रेघच नाही, तिचे रकाने पडत नाहीत. मग अशा ओळीचं काय करायचं? तुम्ही काही सांगितलं नाही, तर 'कट' ती ओळ जशीच्या तशी, आख्खी पुढं देतो. पण आज्ञेत 'डॅश एस' अशी दोन अक्षरं जोडली, तर तो तिला मुकाट्यानं गाळतो. आमच्या फाईलींत वर मथळे असायचे, शिबिराचं नाव, गाव वगैरे. ते यादीत येऊ नयेत म्हणून इंजिनिअरनं 'डॅश एस' घालायला शिकवलं होतं, आणि मी ते निष्ठेनं घालत होते.

त्या वर्षीच्या आमच्या वार्षिक कार्यक्रमात नियमित दात्यांचा सत्कार होता. नावं माझ्या यादीतून वाचली गेली. पहिल्या रांगेत आठवले सर कडक इस्त्रीचा सदरा घालून, शेजारी पत्नीला घेऊन बसलेले. नावं संपली. नारळ संपले. निवेदक आभाराला उभा राहिला, तसे सर उठले आणि त्यांनी माईक मागून घेतला.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "माझं रक्त पसंत पडलं नाही का?"

सभागृह हसलं. त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. मी पडद्यामागे इतकी आत सरकले की विजेच्या बटणांना पाठ लागली आणि व्यासपीठावरचा पंखा बंद झाला. डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सरांना घातला, तेव्हा कुठं सोहळा मार्गी लागला. आठवड्यानं माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. सुंदर अक्षरात एकच वाक्य होतं: "मी आपला दंड नाकारला म्हणून आपल्या संगणकानं मला दंड केला, असं समजतो."

त्या दिवशी मी लाल पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर 'डॅश एस'वर काट मारली. डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "सर, एक वेळ यादीत काही जास्त येईल, पण यापुढं कुणाचंही नाव गळणार नाही." हे मी मोठ्या तत्त्वाच्या आवाजात सांगितलं.

"जास्त आलेलं कोण काढणार?" त्यांनी विचारलं.

"मी. डोळ्यानं पाहीन."

आणि मी पाहत असे. यादी निघाली की एकेक ओळ बोट ठेवून वाचायची, मथळे काढायचे, मग पुढं पाठवायची. बरीच वर्षं हे नीट चाललं. मग यादीवर फिरणारं बोट हळूहळू नुसतं वरच्या ओळीपाशी थांबू लागलं. मथळा काढला की झालं. खाली काय असणार? नावं आणि गावं.

बार्शीटाकळीच्या शिबिरात रामदास गावंडे नावाचे गृहस्थ सगळ्यांत शेवटी आले. बसस्थानकाशेजारी त्यांचं चहा-पोह्यांचं दुकान. दुपारी शेगडी बंद करून, हात धुऊन, सदरा बदलून यायचे, म्हणून दरवर्षी शेवटचे. त्या वर्षी आम्ही संगणक आवरून ठेवला होता, म्हणून त्यांची माहिती कार्डावर लिहून घेतली. पुढं प्रयोगशाळेतून त्यांचा निकाल आला: हिपॅटायटिस बी, म्हणजे एक प्रकारची कावीळ, तिच्या पहिल्या चाचणीत शंका. अशा वेळी दात्याला एकट्याला बोलावून शांतपणे सांगायचं आणि पुन्हा रक्त तपासायचं, अशी पद्धत. डॉक्टरांनी मला फोन लावायला सांगितलं. फोन बंद होता. "शेऱ्यात लिहून ठेवा आणि रोज लावत राहा," ते म्हणाले.

फाईल आडनावांच्या क्रमानं लावलेली, म्हणून मध्येच जागा करून ती ओळ मी स्वतः टंकली. मराठी टंकताना उभी रेघ काढायची तर दरवेळी कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो आणि पुन्हा मराठीवर आणावा लागतो. एका ओळीत सहा वेळा. त्या क्षणी माझ्या खांद्यात आणि कानात फोन अडकवलेला होता आणि मी नणंदेशी मिरच्यांच्या लोणच्यात मोहरी फेसून घालावी की कुटून, या विषयावर भांडत होते. कळफलक बदलायचा कंटाळा आला. मी स्वल्पविराम घातले. मनात म्हटलं, नंतर रेघा करू. आठवले सरांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. त्यांनी निदान व्याकरणासाठी केलं होतं.

मिरच्यांमुळे रेघा राहिल्या. मधल्या दिवसांत मी रामदासभाऊंना दोनदा फोन लावला, लागला नाही, तिसऱ्या दिवशी विसरले. आणि मग शिबिर भरवणाऱ्या तिथल्या मंडळाकडून निरोप आला की दात्यांच्या नावांचं फ्लेक्स करायचं आहे, यादी पाठवा. मी 'कट' चालवलं, वरचा मथळा काढला आणि यादी मोबाईलवरून पाठवून दिली. फ्लेक्स छापणारा माणूस आलेलं सगळं छापतो. त्याचा त्यात काही दोष नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला.

"मॅडम, मी रामदास गावंडे बोलून राहिलो, बार्शीटाकळीहून. माह्या नावापुढं हे काय लिवलं तुमी?"

मला काही उमगेना. "कुठं, भाऊ?"

"फ्लेक्सवर. सगळ्याइचं नाव अन् गाव हाय. माह्या नावापुढं वय हाय, फोन हाय, अन् लिवलं हाय का हिपॅटायटिस बी संशयित, पुन्हा बोलवावे. काहून लिवलं असं?"

मी फाईल उघडली. सगळ्या ओळींत रेघा आणि मधली एक ओळ सपाट. पाहताक्षणी मला सगळं कळलं होतं. तरी मी काय म्हणाले ते आज लिहिताना कान तापतात. मी म्हणाले, "भाऊ, कंप्युटरची काहीतरी चूक झाली असेल."

पलीकडे मागं बसचा हॉर्न ऐकू आला.

"कंप्युटरले माहं नाव कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

ते पुढं म्हणाले, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता, "मले बिमारी हाय हे मले आज फ्लेक्स वाचून समजलं, मॅडम. माही बायको वाचून राहिली. सारं स्टँड वाचून राहिलं. पोह्याची कढई भरून ठेवेल हाय."

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, मोहरीसकट. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाठक मॅडम, त्या माणसाला सांगायचं आपलं काम होतं. आपण त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं." मग उठले. "चला."

रक्तपेढीच्या गाडीत बार्शीटाकळीपर्यंत मी खिडकीतून बाहेरची कपाशी पाहत होते आणि मनात माफीची वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य 'पण' या शब्दाशिवाय पुरं होईना.

फ्लेक्स बसस्थानकाच्या तोंडाशीच होतं. नावं ओळीनं छापलेली आणि मधोमध एक लांबट चौकोनी भोक. भोकातून मागं उभी असलेली बस दिसत होती. रामदासभाऊंनी एकच ओळ कापून काढली होती. वरचं नाव शाबूत, खालचं नाव शाबूत. कांदे चिरायच्या सुरीनं त्यांनी माझं काम केलं होतं, आणि माझ्यापेक्षा नीट केलं होतं. उपयोग काही नव्हता. तोवर फ्लेक्सचे फोटो गावभर फिरले होते.

दुकानात कढई खरंच भरलेली होती. एरवी दहाच्या आत तळ दिसायचा, असं नंतर कळलं. बाहेरगावचे दोन प्रवासी चहा पीत होते. रोजची मंडळी समोरच्या पानटपरीशी उभी राहून इकडे पाहत होती. रामदासभाऊंच्या बायको शोभाताई आतल्या बाजूला पाठ करून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

डॉक्टरांनी रामदासभाऊंना मागच्या बाकावर नेलं आणि हळू आवाजात सगळं समजावलं: पहिल्या चाचणीत शंका आली म्हणजे आजार आहे असं नाही, दुसऱ्या पद्धतीनं तपासावं लागेल, आणि समजा निघालाच, तरी तो चहाच्या कपातून, पोह्यांच्या बशीतून कुणाला होत नाही. त्यांनी तिथंच रक्ताचा नमुना घेतला. मी तिकडं पाहिलं नाही. ती वेळ घेरी यायची नव्हती.

मग मी पुढं झाले. जुळवलेली वाक्यं सगळी गेली. "रामदासभाऊ, कंप्युटरची चूक नव्हती. ती ओळ मी टंकली, मी चुकीची टंकली आणि न पाहता पाठवली. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानटपरीकडे पाहिलं.

"पोहे खासान?" ते म्हणाले.

त्या दिवशी संकष्टी होती. लहानपणापासून मी एकही चतुर्थी मोडलेली नव्हती; भिक्षुकाच्या घरात ते जमतच नाही. तोंडापर्यंत आलं होतं की भाऊ, आज माझा उपवास आहे. खरंच होतं ते. पण समोरून सात-आठ माणसं पाहत होती आणि मला कळलं की या घटकेला 'उपवास' हा शब्द त्यांना कसा ऐकू येईल.

"द्या," मी म्हटलं. "वर शेव जास्त घाला."

मी रस्त्याकडे तोंड करून बसले आणि खाल्ले. डॉक्टरांनी दोन प्लेटी खाल्ल्या आणि वर मोठ्यानं मिरची मागितली. माझी प्लेट संपत आली तेव्हा शोभाताई उठून पाण्याचा पेला ठेवायला आल्या. खाली पाहतच, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आज चतुर्थी हाय, मॅडम. माहाही उपास हाय." आणि आत गेल्या. ती ओळख होती की टोमणा, हे मला कळलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. मी राजीनामा लिहून नेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि परत दिला. "तुम्ही गेलात तर नव्या माणसाला हे पुन्हा करून शिकावं लागेल," ते म्हणाले. नोंदवहीत मी घडलेलं सगळं माझ्या नावासह लिहिलं. त्या दिवसापासून आमच्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक यादी दोघांनी मिळून, ओळ न् ओळ वाचायची, असा नियम झाला. 'डॅश एस'ही परत आलं. पण आता दुसरी आज्ञा देऊन आधी रेघ नसलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या, त्या दुरुस्त करायच्या आणि मगच कापायचं. कागदावरच्या चार आज्ञांपैकी ही एक पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. मी ती तेव्हा वाचली असती तर आठवले सरांचा नारळही चुकला नसता.

डॉक्टरांनी बार्शीटाकळीच्या शाळेत एक सभा घेतली. कावीळ कशी होते, कशानं होत नाही, हे फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "बी पॉझिटिव तं माहंही हाय, दवाखान्याच्या कार्डावर लिवलं हाय. तं मी काय आता चहा बंद करू?" रक्तगट वेगळा आणि हा आजार वेगळा, हे सांगण्यात अर्धा तास गेला. पण लोक हसले, आणि हसल्यावर थोडे सैल झाले.

मी काय केलं? माझी सुट्टी गुरुवारी असायची. दर गुरुवारी मी अकोल्याहून बस धरून बार्शीटाकळीला जायची आणि रामदासभाऊंच्या दुकानात रस्त्याकडे तोंड करून पोहे खायची. कधी सोबत मैत्रिणीला न्यायची, कधी नणंदेला. तिचाही यात हात होताच. पहिल्या महिन्यात आम्हीच. मग एसटीचे कंडक्टर येऊ लागले, त्यांना गाडी सुटायच्या घाईत फ्लेक्स वाचायला वेळ कुठला. मग फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एक दिवस खाली मान घालून आले आणि चहा पिऊन गेले. सहा महिन्यांनी कढई पुन्हा दहाच्या आत रिकामी होऊ लागली. सगळे मात्र परतले नाहीत. दुकानासमोरचंच एक घर आजही त्यांच्याकडून काही घेत नाही, असं ऐकते. माझं वजन तेवढ्यात इतकं वाढलं की ब्लाउज उसवून घ्यावे लागले. प्रायश्चित्तानं माणूस सुटतो असं वडील सांगायचे. मी सुटले ती नुसती कमरेला.

एक गोष्ट मी मागं ठेवली आहे. ती सांगायची टाळत होते, पण ती गाळली तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

त्या भेटीनंतर आठवड्यानं रामदासभाऊंचा अहवाल आला. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं होतं. आजार नव्हता. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांची परवानगी घेऊन त्याच दुपारी एकटीच लिफाफा घेऊन निघाले. बसमध्ये मी नव्या फ्लेक्सचा मजकूरसुद्धा ठरवला. दुकानात शिरले आणि जवळजवळ ओरडलेच, "भाऊ, निगेटिव्ह आहे! काही नाही तुम्हाला!"

त्यांनी हात पुसले, लिफाफा घेतला, अहवाल सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला. शोभाताईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

"मी मंडळाला सांगून दुसरं फ्लेक्स लावते," मी म्हटलं. "स्पष्ट लिहू, की तुम्हाला काहीही आजार नाही."

"नका लावू," ते म्हणाले.

"अहो, पण लोकांना कळायला नको का?"

"मॅडम, माह्या रक्ताचं आता कोठीच काही लिवू नका. चांगलंही नका लिवू अन् वाईटही नका लिवू." त्यांनी शेगडीवरचं दूध खाली उतरवलं. "अन् मले एक सांगा. हे पॉझिटिव निंगलं असतं तं? तुमी आज अशे धावत आले असते का?"

"आम्ही आलो असतो," मी लगेच म्हटलं.

"डॉक्टरसायेब आले असते. ते मले मालूम हाय. तुमचं इचारून राहिलो."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी चहा प्यायचा थांबवला. मी त्या लिफाफ्याचा आणि माझ्या आनंदाचा विचार केला. तो आनंद त्यांच्यासाठी किती होता आणि माझी चूक हलकी झाली म्हणून किती, याचा हिशेब मला तिथं उभ्या उभ्या लागेना. पॉझिटिव्ह आलं असतं तर मी बहुधा डॉक्टरांना म्हणाले असते, सर, तुम्हीच सांगा, माझ्यानं होणार नाही.

"माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागानं नाही.

"हे खरं सांगतलं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच बाकाजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. च्या होऊन राहिला."